वटवाघळाचे कातडे

महाकाव्यांतील खलांचे दोन वर्ग सहज पाडता येतात. पहिल्या वर्गातील खलांस कवीने वाणी दिलेली असते. ते गर्जना करतात, युक्तिवाद करतात, प्रसंगी शोकही करतात, आणि वाचकाच्या मनात नायकाच्या शेजारीच आपले आसन मांडून बसतात. रावण, दुर्योधन, मिल्टनचा सैतान हे या वर्गातले. दुसऱ्या वर्गातील खल नुसते येतात आणि मारले जातात. त्यांस एखादे नाव, एखादे शस्त्र आणि एखादा भयंकर अवयव मिळाला, म्हणजे कवीचे त्यांच्याकडील देणे फिटले.

इंग्रज भाषापंडित जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांनी रचलेल्या पुराणसृष्टीत या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात न बसणारी एक निशाचरी आहे. तिचे नाव थुरिंग्वेथिल. ग्रंथाच्या अखेरीस जोडलेल्या नामसूचीत त्याचा अर्थ ‘गुप्त छायेची स्त्री’ असा दिला आहे. हा ग्रंथ, ‘दि सिल्मरिलियन’, टोल्किन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ साली, त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्या सबंध ग्रंथात या बाईविषयी जे सांगितले आहे ते एका श्वासात सांगून संपते. ती सौरॉन नावाच्या मायावी सरदाराची दूती होती, रक्तशोषक पिशाचाचे, म्हणजे ‘व्हँपायर’चे, रूप घेऊन ती अंगबांड या पाताळदुर्गाकडे उडत जात असे, आणि तिच्या प्रचंड पंखांच्या प्रत्येक सांध्याच्या टोकास लोखंडी नखी होती. इतकेच. ती कोणाशी बोलत नाही, कोणास मारीत नाही, आणि कोणाकडून मारली गेल्याचेही कवी सांगत नाही. कथेत प्रवेश करते ते तिचे केवळ कातडे, आणि तेही दुसरीच्या अंगावर.

ज्या पात्राचा सगळा जीवनवृत्तांत एका कातड्यात मावतो त्याच्याविषयी नीतीच्या दृष्टीने काही लिहावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या मते या कातड्याने असा एक प्रश्न उभा केला आहे की, जो मोठमोठ्या खलांच्या भाषणांतून उभा राहत नाही. दुष्टाचा वेष सज्जनाने अंगावर घ्यावा काय? घेतल्यास आतील मनुष्याचे काय होते? आणि ज्याचा तो वेष मुळात होता, त्याच्या आत तरी कोणी होते काय?

प्रथम ‘व्हँपायर’ या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द नाही. थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त पिणारे प्रेत ही कल्पना पूर्व युरोपातील. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील सर्बियातून १७२५ व १७३२ या साली आलेल्या सरकारी अहवालांमुळे ती पश्चिमेकडील वाचकांपर्यंत पोहोचली, आणि स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने १८९७ साली ती घरोघर नेली. दक्षिण व मध्य अमेरिकेतील रक्त पिणाऱ्या वटवाघळांस हे नाव त्या पिशाचावरून मिळाले, वटवाघळावरून पिशाचास नव्हे. आपल्याकडील वेताळपंचविशीचे इंग्रजी रूपांतर रिचर्ड बर्टनने १८७० साली काढले, तेव्हा त्याने वेताळासही हेच नाव देऊन टाकले. वेताळ हा रक्तपिपासू नव्हे. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे, आणि रात्रीच्या फेरीत त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्यास नव्या वहाणा वाहतात. परंतु बर्टनच्या चुकीत एक योगायोग दडलेला आहे. वेताळही झाडास उलटा लोंबकळतो, आणि वेताळही परक्याच्या देहात राहतो. त्या कथेत प्रेताच्या आत बसलेला वेताळ राजाचा हितकर्ता ठरतो, आणि भिक्षूच्या वेषातील साधक त्याचा घातकी. वेष आणि वेषधारी यांची फारकत आपल्या वाचकांस नवी नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आता मूळ कथा. बेरेन हा मर्त्य मानव, आणि लूथिएन ही एल्फ नामक अमर जातीच्या राजाची कन्या. तिची माता देवयोनीतील. राजाने कन्येचे मोल म्हणून असुराधिपती मॉर्गॉथ याच्या लोखंडी मुकुटातील एक रत्न मागितले. मागणीचा खरा अर्थ इतकाच की, तू मर. टोल्किन यांनी १९७१ साली पत्नी निवर्तल्यावर तिच्या समाधिशिलेवर ‘लूथिएन’ हे नाव कोरविले, आणि पुढे त्याच शिलेवर त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ हे नाव आले. यावरून ही कथा त्यांच्या किती जिव्हाळ्याची होती ते कळेल. बेरेन वाटेत सौरॉनच्या हाती सापडतो. वृकबेटावरील सौरॉनच्या कोठडीत त्याचा मित्र फिनरॉड राजा त्यास वाचविताना प्राण देतो. मागोमाग लूथिएन हुआन नामक श्वानासह तेथे येते. हुआन प्रथम वृकांचा नायक ड्राउग्लुइन यास आणि नंतर वृकरूप धारण केलेल्या खुद्द सौरॉनास लोळवितो. सौरॉन बेटाचा ताबा लूथिएनच्या हाती देऊन पळतो, आणि पळताना रूप घेतो ते रक्तशोषक पिशाचाचे; त्याच्या गळ्यातून रक्त ठिबकत असते. दूती ज्या प्रकारच्या रूपात निरोप नेई, त्याच प्रकारच्या रूपात पळ काढण्याची पाळी स्वामीवर यावी, यातील उपरोध टोल्किन यांनी न बोलता ठेवला आहे.

पुढे बेरेन एकटाच अंगबांडकडे निघून जातो. त्याच्या मागावर जाताना हुआन वाट वाकडी करून त्या बेटावर जातो, आणि तेथून दोन कातडी उचलतो. एक ड्राउग्लुइन वृकाचे, दुसरे थुरिंग्वेथिलचे. ती पांघरून हुआन व लूथिएन अरण्यातून धावतात, तेव्हा वाटेतील प्रत्येक जीव त्यांच्यापुढून पळत सुटतो. बेरेन त्यांस पाहतो आणि तोही हादरतो. नंतर वृकाचे कातडे बेरेनच्या अंगावर चढते आणि वटवाघळाचे लूथिएनच्या अंगावर राहते. कवी म्हणतो की, बेरेन सर्वथा वृक दिसू लागला, मात्र त्याच्या डोळ्यांत जो आत्मा चमकत होता तो उग्र असला तरी निर्मळ होता. आणि लगेच पुढे असेही सांगतो की, आपल्या कुशीस बिलगलेला, पंख चुरगळलेला तो प्राणी पाहून त्या निर्मळ डोळ्यांतही भय दाटले. ती आपली प्रियाच आहे, हे ठाऊक असूनही.

या एका वाक्यावर आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. वेषाने आत्मा बाटत नाही, हे म्हणणे सोपे आहे, आणि आपल्या सगळ्यांस ते फार सोयीचेही आहे. कचेरीत, सभेत, पक्षात, व्यापारात आपण जी कातडी पांघरतो, त्यांविषयी विचारले असता आपले उत्तर ठरलेले असते की, हे सारे बाहेरचे. आत आम्ही निर्मळच आहो. टोल्किन हे समाधान पुरते देत नाहीत. आत निर्मळ असलेल्या मनुष्यासही दुसऱ्याच्या अंगावरील कातडेच प्रथम दिसते, आणि भय वाटावयाचे ते वाटतेच. स्वतःस आपण डोळ्यांवरून ओळखतो. इतरांस मात्र नख्यांवरून.

टोल्किन १९२५ पासून ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते, आणि उत्तरेकडील जुन्या सागाग्रंथांचा त्यांचा व्यासंग गाढ होता. नॉर्स भाषेत ‘हाम्र’ हा एकच शब्द कातडे आणि आकार या दोन्ही अर्थी येतो. कातडे पालटले की आकार पालटतो, आणि आकार पालटला की मनुष्य पुरता पूर्वीचा राहील अशी खात्री नाही. ‘व्होल्सुंग सागा’ या तेराव्या शतकातील ग्रंथात सिगमुंड आणि त्याचा पुत्र सिनफ्योट्ली यांस एका घरात टांगलेली वृकांची कातडी सापडतात. ते दोघे ती अंगावर चढवितात, आणि ती निघेनात. दहाव्या दिवसावाचून ती उतरत नाहीत. तोवर ते वृकांप्रमाणे ओरडतात, माणसे फाडतात, आणि अखेर बाप मुलाच्याच गळ्याचा चावा घेतो. मुलगा वाचतो; आणि कातडी उतरण्याचा दिवस येताच दोघे ती जाळून टाकतात. उलट त्याच परंपरेत लोकी हा फ्रेया देवीचे ससाण्याच्या पिसांचे वस्त्र मागून नेतो, काम उरकतो आणि परत आणून देतो, जणू शेजाऱ्याची छत्रीच. म्हणजे काही कातडी उसनी घेता येतात आणि काही घेणाऱ्यासच धरून ठेवतात. कोणते कातडे कोणत्या जातीचे, हे अंगावर घेण्यापूर्वी कळत नाही, ही यातील खरी अडचण होय.

थुरिंग्वेथिलचे कातडे कोणत्या जातीचे होते? लूथिएनने ते किती वेळा उतरविले ते पाहावे. बेरेनची भेट होताच एकदा. अंगबांडच्या द्वारी कार्खारॉथ हा महावृक वाट अडवितो, तेव्हा दुसऱ्यांदा. तेथे ती स्वतःच ते घाणेरडे आवरण मागे सारून उभी राहते, त्या वृकापुढे इवलीशी, पण तेजस्वी, आणि त्यास निद्रेत लोटते. तिसऱ्यांदा मॉर्गॉथच्या दरबारात. परंतु तेथे ती ते उतरवीत नाही, मॉर्गॉथच आपल्या इच्छाबळाने ते तिच्या अंगावरून हिरावून घेतो. बेरेन या वेळी वृकरूपात त्याच्या सिंहासनाखाली सरपटत गेलेला असतो. सगळ्या दरबारात ती एकटी, उघडी पडलेली.

या क्षणाची टोल्किन यांनी दोन रूपे लिहून ठेवली आहेत, आणि आमच्या सगळ्या विवेचनाचा कणा ती दोन रूपेच होत. १९२५ ते १९३१ या काळात त्यांनी ही कथा एका दीर्घ पद्यात लिहिण्यास घेतली आणि ती अपुरी सोडली. ते पद्य १९८५ साली छापून निघाले. त्यात मॉर्गॉथ विचारतो, तू कोण? तेव्हा लूथिएन उत्तर देते की, मी थुरिंग्वेथिल; आणि चंद्रावर आपली छाया कशी पडते याचे वर्णनही करते. मॉर्गॉथ तिला खोटारडी म्हणतो, आणि रूप टाकावयास लावतो. १९७७ साली ग्रंथरूपाने आलेल्या गद्य कथेत हे खोटे उत्तर नाही. तेथे वेष गेल्यावर ती त्याच्या नजरेस डगमगत नाही. ती स्वतःचे नाव सांगते, आणि भाटाप्रमाणे गाणे म्हणून सेवा करण्याची तयारी दाखविते.

पद्यातील लूथिएन वेष घेते आणि नावही घेते. गद्यातील लूथिएन वेष घेते, पण नाव घेत नाही. दोघींत आम्हांस जमीनअस्मानाचे अंतर वाटते. वेष हा डोळ्यांस दिलेला चकवा आहे, आणि शत्रूच्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांस सत्य पुरविण्याचे ऋण कोणावर आहे असे आम्ही मानीत नाही. परंतु ‘तू कोण?’ हा प्रश्न समोरून विचारला गेला म्हणजे उत्तर देणाऱ्याचा स्वतःशीच हिशेब सुरू होतो. त्या ठिकाणी जी थुरिंग्वेथिल म्हणून उत्तर देते, तिच्या बाबतीत कातड्याने एक पाऊल आत टाकलेच.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की गद्यातील लूथिएन तरी कोठे सत्यवादिनी आहे? नाव खरे सांगते. पण सेवेची भाषा करते ती त्यास झोपविण्यासाठी. अश्वत्थामा हत्ती मेला होता हेही खरेच होते. युधिष्ठिराने शब्द खरा ठेविला आणि अर्थ खोटा केला, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मग लूथिएनचा रथ का टेकू नये? आम्हांस याचे उत्तर असे दिसते. द्रोणांनी युधिष्ठिरासच विचारले होते, कारण तो खोटे बोलणार नाही असा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाचेच शस्त्र करून द्रोण मारले गेले. मॉर्गॉथचा लूथिएनवर विश्वास नव्हता. ती कोण हे कळल्यावर त्याच्या मनात पापवासना उत्पन्न झाली, आणि तिला थोडा वेळ मोकळी सोडून आपल्या दुष्ट बेताचा आस्वाद घेत बसण्यात तो फसला. कवी स्पष्टच म्हणतो की, त्यास त्याच्याच दुष्टाव्याने भुलविले. तिने त्याच्यातील चांगल्या गोष्टीचा गैरफायदा घेतला नाही. हे उत्तर पूर्ण समाधानकारक आहे असा आमचा आग्रह नाही. धर्मशास्त्री याहून कठोर निवाडा देतील, आणि आम्ही तो ऐकून घेऊ. तथापि युधिष्ठिर आणि लूथिएन यांस एकाच पंक्तीत बसविणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

तिची पंगत वेगळी आहे. सुंदरकांडात हनुमान लंकेत शिरतो तो रूप पालटून, मांजराएवढा होऊन, रात्रीच्या अंधारात. याविषयी वाल्मीकी त्यास दोष देत नाहीत. परंतु रावणाच्या सभेत बांधून नेल्यावर, ‘तू कोण, कोणी धाडले?’ असे विचारताच तो आपले नाव, आपले कुळ, आपला स्वामी आणि आपले काम असे चारही सांगून मोकळा होतो. हनुमान दूत होता. थुरिंग्वेथिलही दूतीच होती. हे साम्य आमच्या ध्यानात आले तेव्हा त्या लोखंडी नख्यांच्या पंखांकडे आम्ही प्रथमच निराळ्या दृष्टीने पाहिले.

दूत हा चमत्कारिक प्राणी आहे. तो अवध्य असतो, कारण तो बोलतो ते त्याचे नसते. बिभीषणाने रावणास हेच सांगितले. परंतु जो बोलतो ते त्याचे नाही, त्याचे स्वतःचे म्हणून काय उरते, याचे उत्तर दूताने दूत होण्यापूर्वीच तयार ठेवावे लागते. हनुमानापाशी ते होते. निरोप रामाचा, पण अशोकवनात सीतेस धीर देताना वापरलेली बुद्धी त्याची. थुरिंग्वेथिल कोणता निरोप नेई, तो नेताना तिला काय वाटे, तिने तो कधी थोडा उशिरा पोहोचविला काय, एखादा गाळला काय, यांतले काहीच कथेत नाही. आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसे बहुतेक याच धंद्यात आहो. वरून हुकूम येतो, आम्ही तो खाली पोहोचवितो. कागदावर सही आमची असते आणि त्यातील एकही शब्द आमचा नसतो. त्या हुकुमाने कोणाचे घर बसले, हे विचारण्याची पाळी आली म्हणजे आम्ही बिभीषणाचे वचन पुढे करतो. मोठ्या दुष्टांस आपले दुष्टपण स्वतःच्या हाताने फार थोडे करावे लागते. बाकीचे वाहून नेण्यास पंख मिळतात.

सौरॉनचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तो वृक होतो, सर्प होतो, पिशाच होतो, पुढे एका युगात देखणा उपदेशक होऊन राजांस भुलवितो. नूमेनॉर हे बेट समुद्रात बुडाले तेव्हा त्याचे ते देखणे शरीर नष्ट झाले, आणि त्यानंतर मनुष्यांच्या दृष्टीस सुंदर दिसेल असे रूप त्यास पुन्हा कधीच घेता आले नाही. हव्या त्या रूपात वावरण्याची शक्ती अशी हळूहळू आटत जाते, आणि शेवटी एकच रूप उरते, जे निवडलेले नसते. ही ज्याची गत झाली त्याच्या दूतीची गत काय झाली असेल, याचा तर्क करता येतो, परंतु कवीने तो तर्क वाचकावर सोपविला आहे. ते कातडे तिच्या देहावरून सोलून काढलेले होते, की ती उडण्याच्या वेळी पांघरी असे एखादे वस्त्र होते आणि त्या बेटावर खुंटीस टांगून ती कोठे निघून गेली, हेही ग्रंथावरून ठरत नाही. आमचे काही विद्यार्थी दुसऱ्या पक्षाचे आहेत. ती कातडे टाकून पळाली आणि कोठेतरी साधी बाई होऊन राहिली, असे त्यांस वाटते. तारुण्याला शोभेल असाच हा पक्ष आहे, आणि त्याविरुद्ध दाखविण्याजोगे वाक्य आमच्यापाशी नाही.

एक बारीक गोष्ट मात्र ग्रंथात आहे. द्वारावर कार्खारॉथने त्या जोडीस पाहिले तेव्हा त्यास शंका आली, कारण ड्राउग्लुइन मेल्याची वार्ता अंगबांडात केव्हाच येऊन पोहोचली होती. मेलेला वृक चालत कसा आला, असे त्यास वाटले. सोबतच्या वटवाघळाविषयी मात्र कोणती वार्ता आली होती, याचा उल्लेख नाही. जिने आयुष्यभर त्या दाराशी बातम्या आणल्या, तिची बातमी कोणी आणल्याचे कवी म्हणत नाही.

लूथिएन गाते, आणि सगळा दरबार निद्रिस्त होतो. मध्येच ती ते पंख पुन्हा उचलून अंगावर घेते आणि दालनाच्या अंधारात वर झेप घेते. परंतु या वेळी कातडे कोणास फसविण्यासाठी नाही, नुसते उडण्यासाठी. मॉर्गॉथ सिंहासनावरून कोसळतो, मुकुट घरंगळतो. तिच्या स्पर्शाने बेरेन जागा होतो, वृकाचे कातडे झुगारतो आणि रत्न कापून काढतो. नंतर दोघे पळत सुटतात, आणि कवी म्हणतो की, या वेळी त्यांस वेषाचे भान नव्हते. पुन्हा एकदा उजेड पाहावा एवढीच त्यांची इच्छा होती. कातडी मागेच राहिली. थुरिंग्वेथिलचे कातडे, जेथे ती निरोप घेऊन येत असे त्याच दुर्गात, कोठेतरी पडले असले पाहिजे. झोप उतरल्यावर त्या दरबाऱ्यांपैकी कोणी ते पायाने उलटवून, ही कोठे गेली, असे विचारले किंवा नाही, हे ग्रंथात लिहिलेले नाही.